कामठीला गाडी दोन मिनिटं थांबते

चैत्र लागला की आमच्या गोदामात मोहाची पोती उतरतात आणि माझं डोकं दुखायला लागतं. नागपूरबाहेर वाडीला, या ट्रान्सपोर्टच्या ओळीत बाकी काय येत नाही! सुक्या मिरच्या येतात, तेव्हा हमालांचे डोळे सुजतात. साबणाचे खोके येतात, तेव्हा दोन दिवस चहालाही साबणाचा वास येतो. त्याचं मला काही वाटत नाही. मी टेबलाशी बसून बिल्टी लिहीत राहतो, माल कुठून आला, कुठे जायचा, नग किती. पण ट्रकचं फाळकं पडलं आणि वाळलेल्या मोहफुलांचा तो गोड, जड, जरासा आंबूस वास आत घुसला की हात थांबतो. आमचा म्हातारा हमाल दरवर्षी तोच विनोद करतो. "बाबूजी, मोहानं माणसाले झिंग येते. तुमचं डोकं काहून दुखते?" मी म्हणतो, "ज्याचं त्याचं नशीब, बापा." तो हसतो, मीही हसतो, आणि पोती मोजायला लागतो.

यंदा पोती उतरत होती त्याच दुपारी कामठीचा एक माणूस बसनं आला. पंचफुला वारली, रविवारी सकाळी तिच्या भावाकडे तिच्यासाठी बुद्धवंदना आहे, एवढं सांगून तो पाणीही न घेता परत गेला.

पंचफुला माझी बायको. वीस वर्षांपूर्वी एका रविवारी ती कामठीच्या फलाटावर उतरली आणि मी गाडीतच बसून राहिलो. आमची फारकत झाली ती एवढीच. कागद झाला नाही, पंच बसले नाहीत, कोणी कोणाला वाईट शब्दही बोललं नाही. लोक अजून विचारतात, "काय झालं होतं जी?" मी काहीतरी सांगतो. खरं कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही सात रविवार रामटेकला गेलो. मोहाचा हंगाम लागला तेव्हा सुरू झालं आणि मोह संपता संपता संपलं.

हल्लीची पोरं लग्न झालं की पचमढीला जातात, चिखलदऱ्याला जातात. आमच्या मालकाच्या मुलानं फोटो दाखवले. दोघं दरीच्या काठाशी उभी, तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मालक म्हणाले, "बाबू, माणसाची पारख प्रवासात होते." खरं आहे. माझीही झाली. फक्त पारख व्हावी इतके दिवस आमच्या पिढीतल्या नवरा-बायकोला एकत्र प्रवास मिळत नसे. सोबत गेलो तरी ती बायकांच्या डब्यात, मी पुरुषांच्या. रस्त्यानं चाललो तर मी पुढे, ती दहा पावलं मागे. बसमध्ये ती खिडकीशी आणि मधे तिची नणंद.

पाचपावलीच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आणि त्यांत आठ माणसं. बौद्ध धम्माच्या दीक्षेला तेव्हा बारा वर्षं झाली होती. बानं घरातले देव पाण्यात सोडले ते सोडलेच. नवस, अंगारा, गंडा हे शब्दही त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. होळी आमच्याकडे बंद झाली होती, पण महिना सांगायला मायला अजून तीच लागे. देव गेले तरी घरातल्या बाकीच्या रीती मात्र जागच्या जागी होत्या. सासूसासऱ्यांसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्यांतली एक. माझ्यासाठी पाणी तापलं की पंचफुला माझ्या धाकट्या बहिणीला म्हणायची, "दादाले सांग, पाणी झालं." मी तीन हातांवर बसलेला असे. मग बहीण मला सांगे, "दादा, पाणी झालं." मी बहिणीला सांगे, "येतो म्हणा." चार वर्षं आमचा संसार असा बहिणीच्या तोंडून चालला होता.

त्यात उन्हाळा. नागपूरचा उन्हाळा आत झोपू देत नाही. होळी झाली की पुरुषांच्या खाटा गल्लीत आणि बायकांच्या अंगणात. पाऊस पडेपर्यंत नवरा-बायकोमध्ये एक भिंत आणि सगळं खानदान. आणि तीच माय वैशाखात सुनेला विचारायची, "काहून वं, अजून काही नाही?" आज हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही.

त्या वर्षी मायचा धीर सुटला. शिमग्याच्या आधी एकदा मी जेवायला बसलो असताना तिनं सरळ सांगितलं, "हा उन्हाळा पाहतो मी. लागलं तं लागलं. नाहीतर तिच्या भावाले बोलावणं धाडतो, घेऊन जा म्हणतो तुमची बहीण. तुले दुसरी पाहू." पंचफुला चुलीपाशी होती. तिनं पोळी उलटली, माझ्या ताटात वाढली आणि ताटाकडे पाहत उभी राहिली.

मी काही बोललो नाही. बोलायला माझ्याकडे होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एकटाच एका डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. तपासणी झाली, तिसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजीत लिहिलेला एक कागद हातात ठेवला आणि मराठीत समजावलं. "बीजच नाही तुमच्यात. औषधानं होणारी गोष्ट नाही ही. बायकोला उगाच कुठे फिरवू नका." चांगला माणूस होता. खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आला. मी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि घरी येऊन खाटेवर पडलो. पुढे तो कागद काढून मी गोदामात, जुन्या बिल्ट्यांच्या गठ्ठ्यात लपवला. तेव्हा हाताला तो कडक, सुरकुतलेला लागला होता, शाई थोडी फुटली होती. मला वाटलं, घामानं झालं असेल. इतका घाम मला खरंच आला होता.

मायनं औषधवाला शोधला. रामटेकच्या पुढे तासाभराच्या वाटेवर, जंगलाला लागून एका गावात डोमाजी नावाचा म्हातारा मुळ्या देत असे. बा म्हणाला, "देवबिव तं नाही ना?" माय म्हणाली, "देव काहून असन? झाडाची मुळी आहे. झाडाले का धर्म असते?" बाला हे पटलं. आमच्या घरात औषधाला मनाई नव्हती.

डोमाजीच्या दोन अटी होत्या. मुळी त्याच दिवशी पहाटे खणलेली पाहिजे, म्हणून सात रविवार स्वतः यायचं. आणि जोडीनं यायचं. मुळी नवऱ्यानं सहाणेवर घासायची आणि त्याच्याच हातानं बायकोला पाजायची. "एकट्या बाईले मी देत नाही," तो म्हणायचा. "गरज दोघाइची, मंग येणं बी दोघाइचं."

पहिल्या रविवारी मायनं इतवारी स्टेशनावर येऊन तिला बायकांच्या डब्यात बसवलं आणि मला पुढे जायला सांगितलं. कामठी आली, तिचं माहेर. मी उतरून तिच्या खिडकीशी गेलो. काय बोलायचं ते सुचेना. "पाणी पाह्यजे का?" विचारलं. तिनं मान हलवली. कन्हानला पुन्हा गेलो. नदीच्या रेतीत पिकलेली टरबुजं फलाटावर विकायला होती. एक फाक घेऊन तिच्या हातात दिली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोणी ओळखीचं नाही असं पाहून ती माझ्यासमोर खाल्ली. चार वर्षांत मी तिला खाताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे बायका मागून, पाठमोऱ्या बसून जेवत.

रामटेकला उतरून मी चालायला लागलो, सवयीनं पुढे. मागून आवाज आला, "अजी, इतके भरभर काहून चालून राहिले? औषध का पळून जाते?" मी थांबलो. मला आधी कळेचना, हे कोण बोललं.

दुसऱ्या रविवारी इतवारी स्टेशनावर माय नव्हती. पंचफुला सरळ माझ्या डब्यात चढली. मी म्हटलं, "काहून वं, बायकाइच्या डब्यात?" ती म्हणाली, "तिकडं जागा नाही." तिकडचा डबा रिकामा होता, मला दिसत होता. ती माझ्या शेजारी बसली, खिडकीकडे. इंजिनाचा कोळसा उडत होता, तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा काळा डाग पुसला. समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवली.

त्या वाटेबद्दल मी लिहू लागलो तर संपायचं नाही. दोन्ही बाजूंना पळस होता, त्याची लाल फुलं गळून गेलेली. आणि मोह. आम्ही पोचायचो तेव्हा सकाळचे आठ-साडेआठ झालेले असत आणि झाडांखाली फुलं पडत असत. टप, टप असा अगदी बारीक आवाज. बायका टोपल्या घेऊन वेचत. एकदा एका बाईनं पंचफुलाच्या ओंजळीत चार फुलं टाकली, "खाय बाई, गोड लागते." तिनं दोन खाल्ली, दोन मला दिली. खरंच गोड होती. त्या वाटेवर तिनं मला किती गोष्टी सांगितल्या! ती सातवीपर्यंत शिकली होती हे मला माहीत होतं, पण शाळेत तिला नकाशे काढायला आवडायचे हे माहीत नव्हतं. तिला नदीची भीती वाटायची. माझी माय झोपेत बोलते आणि सगळी भांडणं झोपेतच जिंकते, असं सांगून तिनं मायची नक्कल केली आणि मी रस्त्यातच बसकण मारून हसलो. घरात आम्ही मुलगा आणि सून होतो. त्या वाटेवर पहिल्यांदा नवरा-बायको झालो. चोवीस वर्षांचा होतो मी. मला माझी बायको आवडायला लागली होती.

आणि मग डोमाजीचं अंगण यायचं. तो मुळी देई, मी सहाणेवर घासे. करडं, बुळबुळीत, कडू वासाचं गंध वाटीत जमा होई. दूध घालून ती वाटी मी तिच्या तोंडाला लावायची. ती डोळे मिटून एका दमात पीत असे. परतीच्या वाटेवर पाव कोस गेलं की तिला उलटी होई. मी तिचं कपाळ धरायचो. तिच्या पाठीची हाडं हाताला लागत. मग आम्ही सावलीत बसायचो. मायनं दिलेली शिदोरी तिला दुपारपर्यंत खायची नसे, म्हणून मीही खात नसे, आणि हे मोठं प्रेम करतो आहोत असं मला वाटे.

दर रविवारी मी ठरवायचो, आज सांगायचं. कन्हान गेल्यावर सांगू. रामटेक आल्यावर सांगू. वाटी हातात घेण्याआधी सांगू. मग ती काहीतरी बोलायची, हसायची, आणि मला वाटायचं, हे सांगितलं की संपलं. औषध बंद, मग येणं बंद. पुन्हा गल्लीतली खाट, पुन्हा "दादाले सांग, पाणी झालं." आणखी एक होतं, ते लिहायला हात जड होतो. मला लाज वाटत होती. बीज नाही, हे वाक्य बायकोसमोर उच्चारायची लाज. तिला कडू पाजायची लाज कमी वाटली.

चौथ्या रविवारपासून मी अर्धी मुळी घासायचो आणि उरलेली हळूच गवतात टाकायचो. तेवढंच पाप कमी, असा हिशेब. डोमाजीची पाठ असे. तिची नजर दुसरीकडे असे, असं मला वाटे.

पाचव्या रविवारी तिला ताप होता. तोंडावर पिवळेपणा आला होता, बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत. मी म्हटलं, "आज नको जाऊ." ती म्हणाली, "जाऊ ना. वाटेत बोलणं होते." मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. आज कळतं, ती माझी वाट पाहत होती. तेव्हा मला वाटलं, तिलाही माझ्यासारखीच या प्रवासाची गोडी लागली आहे. खोटं नव्हतं तेही, पण अर्धंच होतं.

सातव्या रविवारी मोह जवळजवळ संपला होता. झाडांखालची जागा वाळक्या पानांनी भरली होती. वाटेत ती फार बोलली नाही. तिच्याकडे नेहमीपेक्षा मोठं गाठोडं होतं, मी विचारलं नाही. डोमाजीच्या गावाची विहीर दिसायला लागली तेव्हा ती थांबली. "आज शेवटचा रविवार."

"हो."

"मले काही सांगाचं आहे का तुमाले?"

मी म्हटलं, "काय सांगाचं?"

तिनं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "काही नाही. चला."

मी मुळी घासली, ती प्यायली. ती अंगणाच्या कडेला तोंड धुवायला गेली. मग मी जे केलं ते माझ्याशिवाय कोणी केलं नसतं. मी डोमाजीजवळ गेलो आणि म्हणालो, "बाबा, आणखी दोन रविवार वाढवून द्या." म्हातारा म्हणाला, "सातच असते." मी हात जोडले. "दोन द्या. मायले तुमीच निरोप धाडा, अजून दोन लागतीन म्हणा." मला तिच्याबरोबरचे आणखी दोन रविवार हवे होते. दोन वेळा तो आगगाडीचा डबा, ती वाट, ती नक्कल. त्यासाठी तिला आणखी दोन वाट्या प्याव्या लागणार होत्या, हे मला माहीत होतं. मी वळलो तेव्हा ती मागेच उभी होती, तोंडावरचं पाणी न पुसता.

परतीच्या गाडीत तिनं मला पाणी दिलं, माझी टोपी मांडीवर धरली, सगळं नेहमीसारखं. कन्हान गेलं. कामठी आली तेव्हा तिनं गाठोडं उचललं आणि उतरली. मला वाटलं, भावाकडचं कोणी दिसलं असेल. ती फलाटावरून माझ्या खिडकीशी आली. पहिल्या रविवारी मी उभा होतो तशी, उलट बाजूनं.

"मी जाऊन राहिली," ती म्हणाली.

"कुठं?"

"भावाकडं." मग ती शांतपणे बोलली, भांडली नाही. "तुमी सदरा धुवाले टाकला तवा खिशात कागद होता. पाण्यात गेल्यावर दिसला. मी वाळवला न परत ठेवला. बाजूच्या नर्सबाईनं त्याच्या आधी वाचून दाखवला मले. होळीच्या आधीची गोष्ट आहे ही."

माझा हात सदऱ्याच्या खिशावर गेला.

"मले वाटलं, सांगतीन. घरी नाही सांगता येत, तं गाडीत सांगतीन. म्हणून पेत राहिली. तुमी अर्धी मुळी गवतात फेकत होते, तेही पाहिलं मी. मुळी फेकता येते तुमाले. एक गोष्ट बोलता नाही आली." तिनं खिडकीचा गज धरला. "मूल नसतं झालं तं चाललं असतं मले. तुमच्यासंगं चाललं असतं. आन तुमी दोन रविवार वाढवून मागून राहिले."

शिट्टी झाली. ती खिडकीपासून मागे सरली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आता लिहितो आहे तरी मला स्पष्ट दिसतं, तिनं गाठोडं खाली ठेवलं. हात मोकळे केले. मी उतरावं म्हणून ठेवलं होतं. गाडी हलली. शेजारचा माणूस मला हलवून म्हणाला, "भाऊ, तुमची बाई खाली राहिली ना!" मी म्हणालो, "तिचं माहेर आहे इथं."

त्यानंतर हे वाक्य मी पुष्कळ वेळा म्हटलं. मायला म्हटलं, बाला म्हटलं, गल्लीत म्हटलं. महिना गेला, दोन गेले. माय म्हणाली, "गेली तं गेली. वांझ होती, स्वतःच समजून गेली बिचारी." मी तिथंच बसलो होतो. जेवत होतो. घास गिळला.

दुसऱ्या लग्नाला मी नाही म्हटलं. इथून माझं नशीब उघडलं म्हणायचं. कारण नाही म्हटल्यावर लोक मला मान द्यायला लागले. "बायकोवर जीव होता हो. ती टिकली नाही, कूस उजवली नाही, पण यानं दुसरी केली नाही." गल्लीतल्या बायका आपल्या मुलांना माझा दाखला देत. माय मरताना माझा हात धरून म्हणाली, "तिच्यापायी तुह्या जल्माचं मातेरं झालं गा." मी तिचे डोळे मिटले. तेव्हाही बोललो नाही. मेलेल्या माणसाला सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हटलं. जिवंत असताना सांगून काय उपयोग, असं त्याच्या आदल्या दिवशी म्हटलं होतं. पुढे मी वाडीला खोली घेतली. गोदाम, खोली, गोदाम. कुठेही गेलो नाही. प्रवासाचं कोणी नाव काढलं की मला पाठीच्या दुखण्याची आठवण होई.

पंचफुलाबद्दल अधूनमधून कानावर येत असे. कामठीला विड्या वळते. भावाची मुलं तिनंच मोठी केली. तब्येत तशीच, पोटाचं दुखणं. पोटाचं दुखणं ऐकलं की मी विषय बदलायचो. तिचं ते दुखणं मुळीमुळे होतं की कशामुळे, मला ठाऊक नाही. विचारलं नाही.

या रविवारी मी सकाळीच निघालो. जुन्या बिल्ट्यांचा तो गठ्ठा वीस वर्षांत मी तीन गोदामांतून बदलून आणला आहे. त्यातला कागद काढला आणि खिशात ठेवला. अंगणात सतरंजी टाकलेली, पाचपन्नास माणसं, बायका भिंतीच्या कडेनं. वंदना झाली. तिचा भाऊ सुखदेव आता पूर्ण म्हातारा झाला आहे. त्यानं उठून मला पुढे बसवलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "हे आमचे जवाईबुवा." कोणीतरी वयस्कर बाई हळहळली, "देवमाणूस हो. बाईले मूल नाही झालं तरी यायनं दुसरी नाही केली." दुसरी म्हणाली, "तिच्याच नशिबात नव्हतं मा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "तिच्यात दोष नव्हता. माझ्यात होता. मले आधीपासून माहीत होतं. माहीत असून मी तिले सात वेळा औषध पाजलं." कागद काढून पुढे धरला. मला वाटलं होतं, सुखदेव उठेल, मारेल. मारावं असं वाटत होतं.

त्यानं कागद घेतला, उलटसुलट पाहिला. "हाच का तो? तिनं वाळवलेला?"

मी मान हलवली.

"बसा," तो म्हणाला. "आमाले माहीत आहे. त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं होतं तिनं. मी काठी घेऊन निघालो होतो तुमच्या घरी. तिनं दारात अडवलं. म्हणे, तुमी कोणी काढू नका ही गोष्ट. त्यायच्या तोंडून येऊ द्या. येतीन ते. सांगतीन." त्यानं कागदाची घडी पूर्वीच्याच सुरकुतीवर घातली. "मंग आमी कोणी नाही बोललो. लोक वांझ म्हणत, तवाही नाही बोललो. ती बोलू देत नव्हती."

मी विचारलं, "वाट पाहत होती?"

"दर रविवारी दुपारी स्टेशनावर जाये. रामटेकची गाडी येये त्या वेळेले. मी म्हणू, काहून वं, उन्हाची? म्हणे, आलीच जाऊन."

"किती वर्षं?"

सुखदेवनं आठवून पाहिलं. "तीन वर्षं गेली. चौथ्या उन्हाळ्यात नाही गेली." मग त्यानं कागद माझ्या हातात परत दिला आणि आत सांगितलं, जवाईबुवाले चहा आणा.

चहा घेतला. निरोप घेतला. कोणी फाटकापर्यंत सोडायला आलं नाही, ते बरं झालं. मी चालत स्टेशनावर आलो. ऊन मी म्हणत होतं. कोणीतरी मोहाची पोती मालधक्क्यावर उतरवली होती, तो वास सगळ्या फलाटावर पसरला होता. मी कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो. इथून फलाट सगळा दिसतो. ती इथंच बसत असेल.

रामटेकची गाडी आली. आता कोळशाचं इंजिन नाही, पण डबे तेच, खिडक्यांचे गज तेच. माझ्या समोरच्या डब्यातून एक म्हातारी उतरली. आधी तिनं पिशवी खाली ठेवली. मग काठी ठेवली. मग दांडा धरून एकेक पायरी. उतरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आत काही राहिलं. ती पुन्हा चढली. डब्यात कोणाशी तरी दोन शब्द बोलली, हातात टरबूज घेऊन पुन्हा तशीच सावकाश उतरली, पदर सारखा केला, काठी उचलली आणि चालायला लागली. तरी गाडी उभीच होती.